हद्दीपलीकडचा हंगाम

आग्रही : माकणीला सीमेवरचं गाव म्हणून कुणी ओळखत नाही. लोहारा तालुका, निम्न तेरणा धरण, जवळ सास्तूर आणि किल्लारी, एवढीच त्याची ओळख सांगितली जाते. पण उमरगा ओलांडला की एकीकडे आळंद, दुसरीकडे बसवकल्याण; म्हणजे कर्नाटक. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत उस्मानाबाद (आजचा धाराशिव), बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यं बदलली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत, बाजार हलले नाहीत, कामाला जायच्या वाटा मोडल्या नाहीत. एचआयव्ही प्रतिबंधाचं काम मात्र राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांमार्फत चालतं. धोरण राष्ट्रीय आहे, 1992 साली स्थापन झालेल्या नॅकोचं, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचं आहे. पण आराखडा राज्याचा, उद्दिष्टं जिल्ह्याची आणि प्रशिक्षण त्या त्या राज्याच्या भाषेतलं. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या तीन राज्यांत देशातले सर्वाधिक एचआयव्हीबाधित लोक राहतात, आणि त्यांतली दोन इथे एकमेकांना खेटून आहेत. म्हणून मागणी साधी आहे. दोन्ही बाजूंच्या जिल्ह्यांतले समुपदेशक, आशा, लिंक वर्कर यांचं प्रशिक्षण एकत्र व्हावं, त्यांची एकमेकांशी ओळख असावी आणि रुग्ण पलीकडे गेला तर त्याची जबाबदारी कुणाची, हे कागदावर ठरलेलं असावं.

साशंक : मागणी साधी आहे, पण ती कुठून आली ते पाहू. सीमेवर एचआयव्हीसाठी खास कार्यक्रम हवा, ही कल्पना आफ्रिकेत पक्की झाली. 2002 साली आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो, बेनिन आणि नायजेरिया या पाच देशांनी आबिजान ते लागोस या महामार्गासाठी एक संयुक्त संघटना उभी केली. तिथे सीमा हेच जोखमीचं ठिकाण होतं. सीमाशुल्काच्या कागदांसाठी ट्रक खोळंबून राहत, त्या खोळंब्याभोवती खानावळी, मुक्काम आणि शरीरविक्रय उभा राहिला. आपल्याकडे उमरग्याच्या पुढे हैदराबादच्या रस्त्याला ट्रक असा अडकून पडत नाही. 2017 साली जीएसटी आल्यावर विक्रीकराचे नाकेही गेले. ट्रकचालकांसाठी महामार्गांवर ‘खुशी’ दवाखाने निघाले, तेव्हा जागा ठरली ती ट्रकच्या थांब्यांवरून; राज्याची हद्द कुठे आहे हा तिथे प्रश्नच नव्हता. ते योग्यच होतं. विषाणूला हद्द नसते, हे वाक्य तुमच्या बाजूचे लोक नेहमी म्हणतात. मग त्याचाच अर्थ असा होतो की हद्द धरून कार्यक्रम आखण्यात काही हशील नाही.

आग्रही : हद्दीवर लागण होते असं मी म्हणतच नाही. हद्दीवर जबाबदारी तुटते, असं म्हणतो. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. धाराशिवच्या कळंब, वाशी, भूम या तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात जातात, तशाच बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवरही जातात. एक बाई सप्टेंबरमध्ये गरोदरपणाच्या तपासणीला गेली आणि चाचणीत एचआयव्ही आढळला. नियमाप्रमाणे त्याच वेळी तिचे उपचार सुरू होतात. 2017 पासून कुठल्याच रुग्णासाठी सीडी-4 पेशी किती आहेत याची वाट पाहिली जात नाही. ऑक्टोबर उजाडला की टोळी निघते. गरोदरपणाच्या 32 ते 36 आठवड्यांत तिच्या रक्तातला विषाणूभार मोजायचा असतो, कारण बाळाला किती जोखीम आहे हे त्यावरून ठरतं. त्या वेळी ती फडात असते. बाळंतपण जानेवारीत, कोपीत म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, किंवा जवळ असेल त्या दवाखान्यात. बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापिनचं औषध सुरू करायचं आणि किमान सहा आठवडे चालू ठेवायचं. सहाव्या आठवड्याला पहिली तपासणी, मग सहाव्या महिन्याला, बाराव्या महिन्याला आणि शेवटची अठराव्या महिन्याला. आता हे वेळापत्रक हंगामाच्या वेळापत्रकावर ठेवून पाहा. सर्वांत नाजूक चार गोष्टी, म्हणजे विषाणूभार, बाळंतपण, बाळाचं औषध आणि पहिली तपासणी, चारही पलीकडच्या राज्यात येतात. चाचणी करणाऱ्या समुपदेशकाच्या नोंदवहीत ती ‘संपर्कात नाही’ होते, आणि जिथे ती असते तिथल्या नोंदवहीत ती येतच नाही. काहीच उपचार झाले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण 15 ते 45 टक्के असतं. उपचार नीट झाले तर ते 5 टक्क्यांच्या खाली येतं. या दोन आकड्यांमधलं जे अंतर आहे, त्यात ती हद्द येते.

साशंक : उदाहरण खरं आहे आणि गंभीर आहे. पण त्यातून हद्द काढून टाका. तीच बाई बेळगावऐवजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेली असती तर यातलं काय वेगळं झालं असतं? कोपी तीच, फड तोच, मुकादम तोच. पहाटे मोळ्या बांधायला सुरुवात होते आणि एक दिवस दवाखान्यात घालवला तर खाडा धरला जातो, तो मुकादमाने आगाऊ दिलेल्या उचलीतून वळता होतो. ती औषधाला मुकते ती कर्नाटकात आहे म्हणून नाही. तिचं काम तिला दिवस मोकळा देत नाही, म्हणून मुकते. आणि कागदोपत्री पाहायचं तर यंत्रणा आजही राज्याच्या हद्दीत अडकलेली नाही. नॅकोची ‘सोच’ ही संगणकप्रणाली देशभर एकच आहे. प्रवासात असलेल्या रुग्णाला दुसऱ्या एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रातून औषध घेता येतं, केंद्र कायमचं बदलून घेता येतं. तब्येत स्थिर असलेल्यांना तीन-तीन महिन्यांची औषधं एकदम देण्याची सोय आहे. 2020 च्या टाळेबंदीत ती फार उपयोगी पडली. मग दोन राज्यांचा करार नेमकं काय नवं देणार? मला भीती वाटते ती अशी, की ‘सीमापार सहकार्य’ या भारदस्त नावाखाली आपण उचल, खाडा आणि फडावरची आरोग्यसेवा हे अवघड प्रश्न बाजूला ठेवू आणि सोलापुरात दोन दिवसांची कार्यशाळा घेऊन समाधान मानू.

आग्रही : कार्यशाळेचं समाधान मलाही नको. पण तुम्ही सांगितलेल्या सोयी एकेक तपासा. तीन महिन्यांची औषधं स्थिर रुग्णाला मिळतात. माझ्या उदाहरणातल्या बाईचे उपचार नुकतेच सुरू झाले आहेत, ती त्यात बसत नाही. बसली तरी हंगाम पाच-सहा महिन्यांचा आहे. दुसऱ्या केंद्रातून औषध घेता येतं, पण त्या केंद्रात जाऊन आपण कोण, कुठून आलो, कधीपासून औषध घेतो, मध्ये किती दिवस चुकले, हे सांगावं लागतं, आणि ते कन्नडमध्ये सांगावं लागतं. समुपदेशन हे मुळात बोलण्याचं काम आहे. गोळी दाखवून देता येते. बाळाला अंगावर पाजायचं की नाही, नवऱ्याची चाचणी कशी करून घ्यायची, सासूला काय सांगायचं, हे खुणांनी समजावता येत नाही. कोल्हापुरात ही अडचण नाही. शिवाय महाराष्ट्रात गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याच्याकडे दाद मागता येते, कारखान्याला जाब विचारता येतो. पलीकडच्या कारखान्यावर महाराष्ट्राचा आदेश चालत नाही. म्हणजे दारिद्र्य दोन्हीकडे सारखं, हे मान्य. पण हद्दीपलीकडे त्या दारिद्र्यावर उतारा म्हणून असलेली तुटपुंजी साधनंही हातातून जातात. तुमचा आक्षेप मला पुरता मान्य असता, जर हद्द ही फक्त आणखी एक अडचण असती. ती इतर अडचणींवरचे उपाय निकामी करते.

आणि हे या भागात आधी कुणी ओळखलं नव्हतं असंही नाही. 2003 च्या सुमारास बागलकोट जिल्ह्यात घरोघरी झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये 2.9 टक्के लागण आढळली होती. आज देशातलं प्रमाण 0.2 टक्के आहे, यावरून ती किती मोठी होती हे कळेल. त्या पट्ट्यातल्या देवदासी प्रथेत वाढलेल्या अनेक स्त्रिया सांगली, सोलापूर, पुणे, मुंबई इथे धंद्यासाठी येत-जात होत्या. कर्नाटक हेल्थ प्रमोशन ट्रस्टने उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्र जोडणाऱ्या वाटांवर ‘कॉरिडॉर्स’ नावाचं कामच उभं केलं, कारण फक्त गावात किंवा फक्त शहरात काम करून भागत नव्हतं. दोन टोकं आणि मधली वाट, तिन्हीकडे एकच निरोप, एकच सेवा, ओळखीची माणसं, ही त्यामागची रीत. मी नवीन काही मागत नाही. ती रीत ऊसतोडीच्या वाटेवर का नाही, एवढंच विचारतो.

साशंक : सांगलीचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण त्यातून निघणारा धडा मला उलटा दिसतो. संग्राम ही संस्था 1992 पासून तिथे काम करते आणि 1996 साली त्यातूनच वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. त्या बायकांपैकी कितीतरी जणी कन्नड बोलणाऱ्या, सीमेपलीकडून आलेल्या. त्यांनी आपापसात कंडोम पोचवले, आजारी पडलेलीला दवाखान्यात नेलं, पोलिसांशी भांडल्या. निपाणीपर्यंत त्यांचं जाळं गेलं. त्यासाठी दोन राज्यांच्या सचिवांनी सह्या केल्या नव्हत्या. दुसरीकडे, गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ कार्यक्रम 2003 साली सहा राज्यांत सुरू झाला, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही त्यात होते. पैसा होता, शिस्त होती, प्रशिक्षण तर पुष्कळ होतं. पुढे तो टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला गेला. अशा हस्तांतरात टिकतं ते लोकांचं संघटन. प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी टिकेलच असं नाही. आजचा समुपदेशक कंत्राटी आहे. तुम्ही त्याला आळंदच्या समुपदेशकाची ओळख करून द्याल, दोघं एकमेकांचे फोन नंबर घेतील, आणि वर्षभरात त्यांपैकी एक जण दुसरी नोकरी धरेल. 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर-किल्लारीच्या याच पट्ट्यात बाहेरून केवढी मदत आली, हे इथल्या लोकांना कुणी सांगायला नको. ज्या कामात गावातली माणसं उभी राहिली, ते काम पुढे चाललं. प्रशिक्षण कुणाला द्यायचं, हा प्रश्न तुम्ही अजून विचारलाच नाही.

आग्रही : हा आक्षेप मी घेतो, आणि त्यामुळे माझी मागणी बदलते. प्रशिक्षण प्रथम टोळीतल्या बाईला द्यावं लागेल. दर टोळीत एक तरी जण अशी असावी की जिला गरोदर बाईची तपासणी कधी, औषध कशाचं, जवळचं केंद्र कुठे, तिथे कन्नडमधून काय विचारायचं, हे ठाऊक आहे. फक्त एचआयव्हीचं नाही, क्षयाचं, रक्तक्षयाचं, बाळंतपणाचंही. ती हंगामाबरोबर जाते, हंगामाबरोबर परत येते. तिची बदली होत नाही. पण सांगलीच्या बायकांनाही शेवटी सरकारी दवाखान्याच्याच दारात उभं राहावं लागलं. दार उघडणारा माणूस पलीकडे तयार नसेल, तर टोळीतल्या बाईचं ज्ञान दारापाशी थांबतं. म्हणून राज्यांना मी सोडणार नाही. आरोग्य हा राज्याचा विषय आहे असं सांगून हात झटकले जातात. पण घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या समवर्ती सूचीत 29 वी नोंद आहे, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात संसर्गजन्य रोग पसरू न देण्याविषयीची. म्हणजे घटनाकारांनी हा प्रश्न कुण्या एका राज्याचा मानलेला नाही.

साशंक : त्या नोंदीचा आधार घेताना मात्र थांबा. तिच्यातला विचार रोग अडवण्याचा आहे. प्लेग, पटकी यांच्या काळातला, नाक्यावर माणूस रोखण्याचा. तो विचार एचआयव्हीला लावला की काय होतं, हे आपल्या शेजारी घडलेलं आहे. गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांनी रक्तदान केलं, त्यात लागण आढळली, आणि 1989 च्या फेब्रुवारीत तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्यांना ताब्यात घेऊन क्षयरोग्यांच्या जुन्या इमारतीत 64 दिवस एकटं ठेवलं. त्यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने वेगळं ठेवण्याची तरतूद वैध ठरवली. हा रोग हवेतून, पाण्यातून, शेजारी बसून पसरत नाही, हे तेव्हाही माहीत होतं. तिथून 2017 च्या एचआयव्ही आणि एड्स कायद्यापर्यंत यायला जवळजवळ तीन दशकं लागली. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेला हा कायदा सांगतो की संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कुणाला सांगणं नाही. आता तुमची योजना या कसोटीवर लावा. पलीकडच्या केंद्राला आधीच कळवायचं की अमुक टोळीतली अमुक बाई येते आहे. टोळीतल्या प्रशिक्षित बाईला ठाऊक असायचं की कुणाला औषध लागतं. कोप्या एकमेकींना लागून असतात. तिथे डबा उघडल्याचा आवाजही शेजारी जातो. एकदा बातमी फुटली की मुकादम पुढच्या वर्षी त्या नवरा-बायकोच्या जोडीला उचल देईल का? गावात परतल्यावर तिला पाणवठ्यावर काय ऐकावं लागेल? आणि उद्या बेळगावातल्या एखाद्या गावाने म्हटलं की मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्या रोग आणतात, तर तुमच्या सीमापार कार्यक्रमाची कागदपत्रंच त्यांना पुरावा म्हणून सापडतील.

आग्रही : हा धोका खरा आहे, आणि तो टाळता न येणारी योजना मी मागे घेईन. पण उलट बाजूही पाहा. सगळं गुप्त ठेवायचं, सगळं तिच्या हाती सोपवायचं, याचा व्यवहारातला अर्थ काय? गरोदर, दहा-बारा तास राबणारी, परक्या भाषेच्या मुलुखातली बाई. तिने स्वतः केंद्र शोधायचं, स्वतः रजा मिळवायची, स्वतः कारण लपवायचं, बाळाचं औषध संपायच्या आत पुन्हा जायचं. ही जबाबदारी आपण शहरातल्या, पगारी, शिकलेल्या रुग्णावरसुद्धा एकट्यावर टाकत नाही. आणि औषध चुकण्याची किंमत एकट्या तिलाच मोजावी लागते असंही नाही. पुण्याच्या ‘नारी’ या एड्स संशोधन संस्थेसह अनेक देशांतल्या केंद्रांनी भाग घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासातून 2011 साली स्पष्ट झालं की लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते. उपचार हाच प्रतिबंध आहे. ऊसतोडीला जोडी जाते, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यामुळे एकाची गोळी थांबली की दुसरा जोखमीत येतो, आणि पोटातलं बाळही.

साशंक : त्या अभ्यासाचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण त्यातून धोरण काढताना एक पाऊल फार सहज पडतं. औषध तिचा हक्क आहे म्हणून तिच्यापर्यंत पोचवायचं, की तिच्यापासून इतरांना धोका आहे म्हणून? गोळी तीच, पण पहिल्या कारणात ती नाही म्हणू शकते आणि दुसऱ्यात तिचं नाही म्हणणं हा अपराध ठरतो. सीमेवरच्या कार्यक्रमांचा कल नेहमी दुसऱ्याकडे असतो, कारण त्यांना पैसा देणाऱ्याला पलीकडून येणाऱ्याची भीती असते. म्हणून मला राज्याराज्यांतल्या करारापेक्षा फडावर जाणारा सर्वसाधारण फिरता दवाखाना जास्त भरवशाचा वाटतो. तिथे सगळ्या बायका जातात, सगळ्या कारणांसाठी जातात. कोण कशासाठी गेली हे कळत नाही.

आग्रही : फिरता दवाखाना हवाच. पण त्यात एआरटीचं औषध असेल का, बाळाच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेण्याची सोय असेल का, आणि धाराशिवच्या केंद्रात सप्टेंबरमध्ये काय सुरू झालं हे त्या डॉक्टरला कळेल का? नाही कळलं, तर ती बाई तिथे पोट दुखतं म्हणून सांगेल, लोहाच्या गोळ्या घेऊन परत येईल. कळायचं असेल, तर कुणी तरी कुणाला तरी कळवावं लागेल. आपण पुन्हा त्याच जागी आलो.

साशंक : त्याच जागी आलो, पण आता निदान प्रश्न नेमका झाला. माहिती दोन राज्यांनी एकमेकांना द्यावी की नाही, हा तो प्रश्न नाही. ती माहिती कुणाच्या हातातून जाईल, आणि ते ठरवण्याची वेळ कोणती?

आग्रही : तिच्या हातातून, एवढं मी आता मानतो. टोळी निघण्याआधी समुपदेशकाने तिला बसवून विचारावं की पलीकडच्या केंद्राला कळवू का, कुठल्या कारखान्यावर चालली आहेस, कुणाला कळलेलं तुला चालेल. ती हो म्हणाली तरच निरोप जाईल. नाही म्हणाली तर पुरेशी औषधं, बाळाचं औषध कसं द्यायचं याची शिकवण आणि केंद्राचा पत्ता तिच्यापाशी असेल. यासाठी दोन्हीकडच्या समुपदेशकांची एकत्र तयारी लागेल, आणि सहा महिन्यांची औषधं देण्यासाठी नियमात अपवाद लागेल.

साशंक : संमती घेतली, इथपर्यंत ठीक. पण उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. सप्टेंबरात तुम्ही तिला विचाराल तेव्हा ती आधीच बांधलेली असते. कुठल्या कारखान्यावर जायचं हे मुकादमाने ठरवलेलं असतं आणि घरात उचलीचा आकडा नवऱ्याने ऐकलेला असतो. कळवू नका असं ती म्हणाली, तर ते तिने ठरवलं असं तुम्ही लिहाल. कळवा म्हणाली, तरीही तसंच लिहाल. जिला न जाण्याची मुभा नाही, तिच्या होकाराला आणि नकाराला किती वजन द्यायचं, आणि ते वजन आरोग्य खात्याने ठरवायचं की कामगार खात्याने? तुमच्या त्या एकत्र प्रशिक्षणाला मुकादम आणि कारखान्याचा शेतकी अधिकारी बसणार असतील तर कशासाठी, आणि बसणार नसतील तर खाडा माफ कोण करणार?